जुन्या गाडीचं खरं मोल

१० जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातल्या किसिमी या गावी एका मोटारीचा लिलाव झाला. गाडी होती १९६८ सालची फोर्ड मस्टँग. तिचा हिरवा रंग जागोजागी उडालेला, पत्र्यावर गंजाचे डाग, आतली बैठक विरलेली. आपल्याकडे एखाद्या गॅरेजच्या मागच्या अंगणात अशी गाडी दिसली तर भंगारवाल्याची वाट पाहत उभी आहे, असंच आपण म्हणू. बोली वाढत गेली आणि हातोडा पडला तो ३४ लाख डॉलरवर. लिलाव कंपनीची दलाली धरून हिशेब झाला ३७ लाख ४० हजार डॉलरचा.

त्याच सालची, त्याच रंगाची, आरशासारखी चकचकीत केलेली दुसरी मस्टँग या रकमेच्या लहानशा हिश्श्यात मिळाली असती. मग इतके पैसे नेमके कशाचे मोजले? या प्रश्नाचं उत्तर आज आपल्याला शोधायचं आहे.

मी कवितेतला माणूस. गाडी मला चालवता येते, खोलून जोडता येत नाही. तरी या विषयाने मला ओढून घेतलं. 'मूळ कुठलं आणि मागाहून घातलेलं कुठलं' हा प्रश्न आपण जुन्या पोथ्यांना विचारतो. अमेरिकेतली काही माणसं हाच प्रश्न पत्र्याला आणि लोखंडाला विचारतात, तोही तितक्याच चिकाटीने. त्याचं उत्तर काय येतं, यावर कुणाची आयुष्यभराची बचत तरते किंवा बुडते.

आधी या गाड्या कुठल्या ते पाहू. इंग्रजीत त्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. बांधा मध्यम, दोन दारांचा, किंमत साध्या नोकरदाराच्या आवाक्यातली आणि पोटात मात्र अवजड ट्रकला शोभेल असं आठ सिलिंडरचं इंजिन. तालमीतल्या पैलवानाने शाळकरी पोराचा सदरा चढवावा, तसा प्रकार.

या प्रकाराची सुरुवात सहसा पॉन्टियाक जीटीओ या गाडीपासून धरतात. पॉन्टियाक ही जनरल मोटर्स कंपनीची एक शाखा. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमातून पळवाट काढली. नवं मॉडेल आणायचं तर वरिष्ठांची संमती लागणार. म्हणून त्यांनी टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर ऐच्छिक जादा सामान म्हणून ३८९ घनइंचांचं इंजिन देऊ केलं. आपल्या मापात हे इंजिन ६.४ लिटरचं, म्हणजे आठ मारुती ८०० एकत्र केल्या तर भरेल इतकं. १९६४ सालच्या गाड्यांत हे सामान आलं आणि त्याची जादा किंमत होती २९५ डॉलर. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग कुणाला जुना नियम आठवणार?

पुढची सहा-सात वर्षं सगळ्या कंपन्यांची चढाओढ लागली. शेव्हरोलेने शेव्हेल आणि कॅमेरो आणली, प्लायमथने रोडरनर आणि बॅराकुडा, डॉजने चार्जर. मस्टँग आणि कॅमेरो या खरं तर जरा लहान बांध्याच्या गाड्या. पण मोठं इंजिन बसवलं की त्यांचीही गणना पैलवानांत होऊ लागली. क्रायसलर कंपनीच्या 'हेमी' इंजिनाचा तर दबदबाच होता. हेमी म्हणजे अर्धगोल. ज्या पोकळीत पेट्रोल पेट घेतं ती अर्ध्या गोलासारखी, म्हणून हे नाव. सात लिटरचं हे इंजिन १९६६ ते १९७१ या काळात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी मिळत होतं. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा ऐन विशीत होती. डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागत.

मग हा बहर ओसरला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले. १९७० साली हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कडक कायदा आला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कालच्या पैलवान गाड्या आता दारात बांधलेल्या पांढऱ्या हत्तीसारख्या वाटू लागल्या. कुणी त्या मातीमोलाने विकल्या, कुणी शर्यतीसाठी इंजिन काढून घेऊन सांगाडा भंगारात दिला, कुणी त्या कोठारात ढकलून विसरून गेलं. पुढे तीच पिढी पन्नाशीला आली, हातात पैसा खुळखुळू लागला आणि प्रत्येकाला आपली तरुणपणीची गाडी परत हवी झाली. मागणारे हजारो आणि गाड्या मोजक्या. १९७१ सालची हेमी इंजिनाची, उघडण्याच्या छपराची बॅराकुडा घ्या. अशा अवघ्या ११ गाड्या बनल्या. त्यांतली एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

इथवर हिशेब सोपा आहे. दुर्मीळ वस्तूला भाव येतो, ते आपल्याला पैठणी आणि जुन्या नाण्यांमुळे ठाऊक आहे. गुंतागुंत पुढे सुरू होते. दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत. दिसायला अगदी सारख्या, तोच रंग, तेच इंजिन, तेच बिल्ले. तरी एकीचा भाव दुसरीच्या कितीतरी पट. फरक कुठे? तर नंबरांत.

आपण जुनी गाडी घेताना आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहतो. तिथल्या जाणकारांचं सगळं शास्त्र याच ताडून पाहण्यावर उभं आहे. कारखान्यातून बाहेर पडताना जे इंजिन, जो गियरबॉक्स त्या गाडीत होता, तोच आजही असेल आणि तसं सिद्ध करता येत असेल, तर गाडीचे 'नंबर जुळतात' असं म्हणतात. या दोन शब्दांना तिथे फार मोल आहे.

हे नंबर वाचायचे कसे, ते पाहण्यासारखं आहे. आज जगभर गाडीचा नंबर सतरा अंकाक्षरांचा असतो, पण अमेरिकेत ही पद्धत १९८१ पासून सुरू झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. १९७० सालच्या एका बॅराकुडाचा नंबर सुरू होतो 'बी एस २३ आर ० बी' असा. बी म्हणजे बॅराकुडा, एस म्हणजे तिची प्रत, २३ म्हणजे दोन दारांची पक्क्या छपराची, आर म्हणजे हेमी इंजिन, शून्य म्हणजे १९७० साल आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅम्क इथला कारखाना. पाचव्या जागी आर नसेल, तर ती गाडी जन्माने हेमी नव्हे. मग बॉनेटखाली आज कितीही मोठं हेमी इंजिन गुरगुरत असो.

शेव्हरोलेची लिपी मात्र इतकी बोलकी नाही. १९६९ च्या कॅमेरोचा नंबर इंजिन सहा सिलिंडरचं की आठ सिलिंडरचं, एवढंच सांगतो. आठ सिलिंडरांतलं साधं की दांडगं, गाडी साधी की 'सुपर स्पोर्ट', याबद्दल तो गप्प बसतो. नेमक्या या मौनात लबाडीला जागा मिळते. साधी कॅमेरो घ्यायची, दुसरीकडून मोठं इंजिन आणायचं, बाजारात मिळणारे 'एसएस' बिल्ले लावायचे, झाली सुपर स्पोर्ट!

म्हणून जाणकार मग इंजिनाकडे वळतात. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, ओतल्याची तारीख उठवलेली असते. जनरल मोटर्सच्या पद्धतीत 'सी १५ ९' असं असेल तर सी हा तिसरा महिना, म्हणजे १५ मार्च १९६९. आता गाडी मार्चमध्ये तयार झालेली आणि इंजिन मे महिन्यात ओतलेलं, असं निघालं तर पुढे बोलायलाच नको. मुलाच्या बारशानंतर आईचं लग्न लागल्यासारखं ते होईल. याशिवाय ब्लॉकच्या एका सपाट पट्टीवर इंजिनाची खूण आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे अंक ठोकलेले असतात. ते गाडीच्या नंबराशी जुळायला हवेत.

या पट्टीचीही एक गंमत आहे. कारखान्यात ती पट्टी यंत्राने तासली जाई, तेव्हा तिच्यावर केसाएवढ्या बारीक, समांतर रेघा उठत. पुढे इंजिन जुनं झालं की मिस्त्री ब्लॉकचा माथा पुन्हा तासून सपाट करतो. हे काम अगदी प्रामाणिक, इंजिनाच्या भल्यासाठीच केलेलं. पण त्यात त्या रेघा जातात आणि अंकही जातात. मग कुणीतरी ठसे घेऊन नवे अंक ठोकतो. परीक्षक भिंग लावून पाहतो ते अंकांपेक्षा त्या रेघा. अंक आहेत आणि रेघा नाहीत किंवा रेघा भलत्याच दिशेने चालल्या आहेत, असं दिसलं की त्याच्या कपाळावर आठी उमटते.

तिसरा साक्षीदार म्हणजे कागद. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक तक्ता फिरत असे. कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठली सीट, हे सगळं त्यावर छापलेलं. काम संपलं की हा कागद कामगार फेकून देत किंवा गाडीतच कुठेतरी खुपसून ठेवत. सीटच्या स्प्रिंगांत, पेट्रोलच्या टाकीच्या पाठीवर असे कागद पन्नास वर्षांनी सापडतात. उंदरांनी कुरतडलेले, तेलाने पिवळे पडलेले. पण त्या चिटोऱ्याने गाडीची किंमत पालटते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या आणि पॉन्टियाकच्या १९६१ पासूनच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोंदी टिकून आहेत. नंबर आणि फी पाठवली की त्यांची माहिती मिळते. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळातल्या गाड्यांची अशी नोंद सहसा मिळत नाही. म्हणून तिथे टाकीवरच्या त्या जीर्ण कागदाचा मान मोठा.

माझी भाची मिशिगन राज्यात राहते. एका उन्हाळ्यात तिच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा ती म्हणाली, "मामू, दिवसभर पुस्तकं काय वाचता, शेजारी चला, तिथे लोखंडाची पोथी आहे." शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहत. कारखान्यात सुटे भाग ज्या साच्यांतून निघतात, ते साचे घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६५ सालची एक निळी पॉन्टियाक उभी होती. बिल्ले जीटीओचे, इंजिन जीटीओचं, आवाजही तसाच. त्यांनी ती शेजारच्या राज्यातल्या एका माणसाकडून जीटीओ म्हणूनच, जीटीओच्या भावाने घेतली होती.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हतं. ते ल मान्सवर घेतलेलं जादा सामान होतं. त्यामुळे त्या गाड्यांच्या नंबरावरून जीटीओ आणि ल मान्स वेगळ्या ओळखू येत नाहीत. १९६६ पासून जीटीओला स्वतःचा अनुक्रम मिळाला, मग नंबर बोलू लागला. आमच्या शेजाऱ्यांनी गाडी घरी आणल्यावर जुन्या नोंदींची प्रत मागवली. ती आली. कारखान्याच्या त्या चलनावर जीटीओचा उल्लेखच नव्हता. गाडी मुळात साधी ल मान्स होती, ३२६ घनइंचांच्या इंजिनाची. विकणाऱ्याने हात वर केले. मलाही ती अशीच मिळाली, म्हणाला. कदाचित ते खरंही असेल. अशा गाड्या हातोहात फिरतात आणि प्रत्येक हाताबरोबर मूळची लबाडी पुसट होत जाते.

त्या गृहस्थांची निवृत्तीची मोठी रक्कम त्या गाडीत गुंतली होती. त्यांनीही गप्प राहून ती पुढे खपवली असती तर कुणाला कळलं असतं? पण त्यांनी ते चलन प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून काचेच्या आत, चारचौघांना दिसेल असं ठेवलं. गावातल्या मोटारींच्या जत्रेत ते गाडी नेत, तेव्हा पुढे पाटी असे : '१९६५ ल मान्स. नंतर जीटीओसारखी केलेली.' मी त्यांना विचारलं, एवढं नुकसान उघड्यावर का मांडता? ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं हजारांश इंचाच्या मापाने काम केलं. माप चुकलं की तुकडा परत यायचा. आता गाडीसाठी वेगळं माप कुठून आणू?"

बाजारात अशा गाड्यांना 'क्लोन' म्हणतात. मान राखून बोलायचं तर 'ट्रिब्यूट', म्हणजे मानवंदना. सांगून सवरून केलेला क्लोन हा गुन्हा नव्हे, हौस आहे. अस्सल गाडी ज्याला परवडत नाही त्याने तसा आवाज, तसा वेग अनुभवला तर बिघडलं काय? गुन्हा घडतो तो पाटी बदलली की. गाडीची नंबरपट्टी फुलासारख्या डोक्याच्या खास रिव्हेटांनी ठोकलेली असते. सडलेल्या अस्सल गाडीची पट्टी काढून धडधाकट साध्या गाडीवर ठोकणं, हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली तुरुंगात नेणारा अपराध आहे.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. जुनी गाडी नवी करतात म्हणजे काय करतात? सगळ्यात आधी फोटो. मग गाडी खोलायची. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहायचं. शेव्हेल आणि जीटीओ या गाड्यांचं वरचं धड लोखंडी सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेलं असतं, ते उचलून वेगळं करता येतं. मस्टँग आणि बॅराकुडा यांचं मात्र सगळं एकजीव. तिथे आख्खी खोकी आडव्या आसावर टांगतात आणि शिगेवरच्या कबाबासारखी फिरवत तिच्या पोटाचं आणि पाठीचं काम करतात.

खरा शत्रू गंज. मिशिगन, ओहायो अशा उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्रा खातं. गाडीची जमीन, डिकीचा तळ, मागच्या चाकांवरचा पत्रा, मागच्या काचेच्या कडा, या जागा आधी जातात. म्हणून ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा कोरड्या मुलखातल्या गाड्यांना मागणी. विकणारे पुष्कळदा गंजलेल्या जागी पुट्टी म्हणा, लांबी म्हणा, थापून वर रंग मारतात. गिऱ्हाइकाने खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवावं. पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. दोन पैशांची वस्तू, पण लाखांचं सत्य सांगते.

सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. हल्ली बाजारात नव्याने बनवलेले भाग इतके मिळतात, की जुन्या मस्टँगची किंवा कॅमेरोची अख्खी बॉडीसुद्धा कोरी विकत मिळते. सोय मोठी, पण प्रश्नही तितकाच मोठा. किती जुनं उरलं तर गाडी जुनी म्हणायची? कायदा नंबरपट्टीकडे बघतो, जाणकार पत्र्याकडे बघतो आणि मालक बहुधा आरशाकडे.

मग रंग. त्या काळी जनरल मोटर्सच्या कारखान्यांत लॅकर मारत, फोर्ड आणि क्रायसलरकडे एनॅमल. काम झपाट्याचं. कुठे ओघळ, कुठे खालच्या बाजूला उडालेला प्राइमर, दाराच्या फटी थोड्या वाकड्या. तपासनीस रंगीत खडूने खुणा करत : हे पाहिलं, हे आवळलं. आजचा कारागीर आधुनिक रंगाने गाडी इतकी सुबक करतो, की कारखान्यातून ती इतकी सुंदर कधी निघालीच नव्हती. अशा गाडीला 'अति-जीर्णोद्धारित' म्हणतात. उलट जे खरे निष्ठावंत, ते जुना थर हलक्या हाताने उतरवत जातात, खाली सापडलेल्या खडूच्या खुणांचे फोटो काढतात आणि शेवटी त्या खुणा, ते ओघळसुद्धा जागच्या जागी परत उमटवतात.

मला इथे नाथांची आठवण होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेले अपपाठ त्यांनी बाजूला केले आणि पुढे कुणी यात आपल्या ओव्या घालू नयेत, असं बजावून ठेवलं. ते स्वतः समर्थ कवी; मूळ ओवी 'सुधारायची' मनात आणली असती तर त्यांना कोण अडवणार होतं? पण त्यांनी आपली प्रतिभा आवरून धरली. जीर्णोद्धार करणाऱ्याला हा संयम शिकावा लागतो, मग समोर पोथी असो की पॉन्टियाक.

या संयमाची पुढची पायरी म्हणजे हात न लावणं. इलिनॉय राज्यात 'ब्लूमिंग्टन गोल्ड' नावाचा कॉर्व्हेट गाड्यांचा मेळावा १९७३ पासून भरू लागला. सुरुवातीला तिथे नव्यासारख्या केलेल्या गाड्यांचं कौतुक होई. १९९० साली त्यांनी 'सर्व्हायव्हर', म्हणजे तगून राहिलेल्या, अशा गाड्यांसाठी वेगळा मान सुरू केला. रंग मूळचा, कापड मूळचं, झीजही मूळची. तिथल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य असतं : गाडी नवी कितीदाही करता येते, मूळची एकदाच असते.

याचा अर्थ जुनं ते सगळं तसंच ठेवावं, असा नाही. तळ गळून पडलेली गाडी तशीच ठेवली, तर पाच वर्षांत तिची माती होईल. तिला वाचवायचं तर कापणं-जोडणं आलंच. पण मूळ रंग निम्म्याहून अधिक टिकलेला आहे, पत्रा सलग आहे, कागद शाबूत आहेत, अशा गाडीला पॉलिशकाम करणाऱ्याच्या हवाली करण्याआधी दहादा विचार करावा. इंजिन चालतं करा, ब्रेक सुरक्षित करा, साफसफाई करा आणि तिथे थांबा. काही जण जुन्या धडात आधुनिक इंजिन, एसी, नवे ब्रेक बसवतात. रोज चालवायला अशी गाडी सुखाची. फक्त मूळ इंजिन विकू नये. तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवावं आणि पत्रा कापू नये. पुढच्या मालकाला परतीची वाट असावी.

पैशाचं गणितही सांगायला हवं. मिशिगनमधली हेगर्टी ही जुन्या गाड्यांची विमा कंपनी भावांची मार्गदर्शिका काढते. तिच्यात गाड्यांचे चार दर्जे असतात. पहिला स्पर्धेत मिरवण्याजोगा, दुसरा उत्तम, तिसरा चांगला, म्हणजे रस्त्यावर मजेत चालणारा, आणि चौथा बरा. मोडकी गाडी स्वस्तात घेऊन पहिल्या दर्जाला न्यायची आणि नफा कमवायचा, हे स्वप्न पुष्कळांना पडतं. पण पूर्ण जीर्णोद्धाराला कसबी कारागिराचे हजार तास लागणं तिथे नवलाचं नाही आणि तिथे मजुरी तासावर असते. साध्या मॉडेलवर हा खर्च केला तर तो क्वचितच वसूल होतो. शिवाय २००८ च्या मंदीत या गाड्यांचे भाव घसरलेही होते. भाव शेवटी आठवणींवर चालतात आणि त्या आठवणींची पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. म्हणून तिथले अनुभवी लोक नवख्याला तीन गोष्टी सांगतात. आधी कागद बघ, मग खालून गंज बघ आणि रंग सगळ्यात शेवटी बघ. नवखा नेमका उलट क्रमाने बघतो.

आता त्या हिरव्या मस्टँगकडे येऊ. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जो गाजलेला पाठलाग आहे, त्यात नट स्टीव्ह मॅक्वीन ही गाडी चालवतो. १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याने मासिकातली जाहिरात वाचून ती ६,००० डॉलरला घेतली. त्याची शिक्षिका पत्नी ती शाळेत जायला वापरत असे. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. त्या कुटुंबाने नकार दिला. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली, ती अनेक वर्षं. वडिलांच्या मागे मुलाने ती चालती केली, पण रंग दिला नाही, डेंटिंग केलं नाही. २०१८ साली डेट्रॉईटच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि दोन वर्षांनी विकली गेली.

ती खरी कशावरून? नंबर जुळतो. मॅक्वीनचं पत्र आहे. आणि गाडीच्या कडेला, दारांखालच्या पत्र्यावर, १९६८ साली चित्रीकरणाचे कॅमेरे बसवण्यासाठी वेल्डिंग केलेल्या लोखंडी पट्ट्या अजून तशाच आहेत. एखाद्या टापटिपीच्या मालकाने मधल्या पन्नास वर्षांत गाडी 'नवी' करायला दिली असती, तर त्या गंजक्या, बिनकामाच्या पट्ट्या कारागिराने पहिल्याच दिवशी घासून काढल्या असत्या.